दुसऱ्या पावसाच्या बाटल्या

मृगाचा पहिला पाऊस नांदेडात आला तो जेमतेम वीस मिनिटं. गोदावरीच्या काठाला, जिथं आमच्या भागाचा पावसाळी नाला नदीत पडतो तिथं, मी दर पाच मिनिटांनी एक लिटरची बाटली भरत उभी होते. पाणी चहासारखं गढूळ. मॉडेलचंही साधारण तेच म्हणणं होतं, म्हणून मी खूश.

मॉडेल म्हणजे स्विम. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचं, 1971 पासूनचं, फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. पावसाचं पाणी नाल्यांतून कसं वाहील आणि किती घाण नेईल, ते सांगणारं. त्याचा हिशोब सोपा आहे. कोरड्या दिवसांत रस्त्यावर, छपरांवर धूळ साचत जाते आणि पाऊस पडला की ती धुऊन निघते. जितके कोरडे दिवस जास्त, तितका पहिला लोंढा घाण. उन्हाळाभराची धूळ मी त्यात भरलेली होती. आकडे जुळले.

तिसऱ्या दिवशी रात्री धो धो आला. मॉडेल सांगत होतं की रस्ते कालपरवाच धुतले गेलेत, पाणी बरंच स्वच्छ असेल. पहिली बाटली भरली आणि टॉर्चच्या उजेडात बघितली तर आत काजळ. वास असा की झाकण लावताना मान वळवावी लागली. सकाळी टेबलावर सगळ्या बाटल्या ओळीनं मांडल्या. पहिल्या पावसाच्या पिवळट, दुसऱ्याच्या काळ्या. गाळून, 105 अंशाला वाळवून वजन केलं तरी तेच. मी दोनदा लेबलं तपासली. अदलाबदल झाली असती तर बरं झालं असतं, असं खरंच वाटलं.

नाल्यावर काम करणारे एक मामा आमच्यासोबत चेंबरची झाकणं उचलायला असायचे. ते म्हणाले, "मॅडम, रस्त्यावर काय हुडकायलाव? घाण पाइपात हाय की."

झाकण उघडलं. वायू निघून जावा म्हणून बराच वेळ तसंच ठेवलं. आत कुणी उतरायचं नाही, वरूनच लेव्हलिंगची स्टाफ, म्हणजे मापं आखलेली लांब पट्टी, सोडली. नकाशात पाइप 900 मिलिमीटरचा. पाइपाच्या वरच्या कडेपासून चोपन्न सेंटिमीटरवर स्टाफ टेकली, ती तळाला नव्हे, गाळाला. म्हणजे छत्तीस सेंटिमीटर गाळ. पाण्याला वाट उरली होती जेमतेम त्रेसष्ट टक्के. रस्त्याच्या कडेची काळी माती, बांधकामाची वाळू, प्लॅस्टिक, आणि सांडपाण्याचा चिखल, जो पावसाळी नाल्यात असायलाच नको होता.

मग कोडं सुटलं. पहिला पाऊस अशक्त होता. पाइपात गाळ बसू नये म्हणून पाण्याला सेकंदाला निदान 0.6 मीटरचा वेग लागतो असं आम्ही धरतो, तेवढा त्याला नव्हताच. त्यानं रस्त्यावरची माती आत नेऊन ठेवली, एवढंच. दुसऱ्यानं ती, आणि खालची कित्येक महिन्यांची, उचलून नदीत फेकली. पाइपाच्या आत गाळ बसतो आणि पुन्हा उठतो, हे स्विमच्या गणितात नाहीच. ही गोष्ट मला पुस्तकातून ठाऊक होती. पण ठाऊक असणं वेगळं आणि रात्री अकराला ते नाकानं कळणं वेगळं.

निम्मी दुरुस्ती सोपी निघाली. तळाशी गाळ भरलेला गोल पाइप असा एक आकार सॉफ्टवेअरमध्ये असतो. तो घेऊन छत्तीस सेंटिमीटर टाकले आणि दुसऱ्या पावसात ज्या चौकात गुडघाभर पाणी तुंबलं होतं, तिथंच स्क्रीनवरही तुंबलं. बाटल्यांचा काळा रंग मात्र मला कुठल्याच रकान्यातून आणता आला नाही. त्याबद्दल अहवालात शेवटी साध्या मराठीत दोन परिच्छेद लिहिले.

त्यातच एक वाक्य टाकलं होतं: मे संपायच्या आत नाला साफ करावा. मामांना वाचून दाखवलं, तर ते हसले.

"करतात की दरसाली. चेंबरातला तेवढा काढतात, पाइपातला ऱ्हातो. आन काढलेला टाकतात कुठं? हितंच."

त्यांनी बोट दाखवलं तिकडं झाकणापासून चार पावलांवर वाळलेल्या काळ्या गाळाचा ढीग होता. अर्धाच. नाल्याकडची बाजू पावसानं खाल्लेली, आणि तिथून झाकणाच्या फटीपर्यंत बोटभर रुंदीची ओली घळ.

मी टेप काढली आणि ढीग मोजायला बसले.