रामकुंडाचा गडू

सहलीच्या पत्रकावरची ओळ माझीच. ‘रामकुंडाचं पाणी जिथे समुद्राला मिळतं, तिथवर चला.’ छापखान्यातला पोरगा म्हणाला, सर, एक नंबर. त्या ओळीवर पस्तीसच्या पस्तीस सीट भरल्या, आणि त्याच ओळीपायी मी आंध्रातल्या अंतर्वेदीच्या वाळूत मान खाली घालून उभा राहिलो.

वडील एसटीत कंडक्टर होते. सुट्टीत मी त्यांच्या गाडीवर जायचो, तिकिटांचा ट्रे मांडीवर घेऊन. एकदा पैठणला नदी दिसली. ‘ही कुठली?’ ‘कुठली म्हणजे? आपलीच गंगा.’ नाशिकचा माणूस गोदावरीवर जात नाही, गंगेवर जातो. आणि ती गंगा होळकर पुलाखालून जाऊन संपत नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. पुढे मित्रांनी फ्लॅट घेतले, मी जुनी सतरा सीटर घेतली. बायको अजून ऐकवते.

लोकांना वाटतं या धंद्यात हॉटेलं आणि देवळं असतात. खरं तर चपला आणि संडास असतात. देवळापाशी सगळ्यांच्या चपला मी एकाच गोणीत भरतो, त्यामुळे परतताना अर्धा तास वाचतो. संडास मी स्वतः आधी जाऊन बघून येतो. फोनवर ‘एकदम क्लीन’ म्हणणाऱ्या हॉटेलवाल्यावर माझा काडीचा विश्वास नाही. आचारी आपला, शेगडी आपली, पहाटे साडेपाचला पोहे. खिडकीवरून भांडणं नकोत म्हणून सीट रोज दोन रांगा मागे सरकते. आणि माणसं मी जोडीने मोजतो. एकटा आलेला असला तर त्याला जोडी लावून देतो, म्हणजे कोणी मागे राहिलं की दुसरा ओरडतो.

या सहलीत एकटे दोघंच होते. पंचवटीतल्या एक काकू, सत्तरी ओलांडलेल्या, आणि पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले एक साहेब. लावली जोडी.

निघताना प्रत्येकाला रामकुंडाच्या पाण्याचा सीलबंद गडू दिला, संगमावर ओतायला. ही आयडियाही माझीच. पैठण, नांदेड, बासर. साहेब वाटेतलं प्रत्येक धरण आप्तस्वकीयासारखं ओळखत होते. जायकवाडी 1976 सालचं, हे त्यांनी पैठणला तीनदा सांगितलं. काळेश्वरला प्राणहिता येऊन मिळते. अलीकडची गोदावरी हडकुळी आणि ही पलीकडून येणारी पोटभर वाहणारी. साहेब म्हणाले, ‘बघा. वैनगंगा, वर्धा, पैनगंगा, सगळी विदर्भाची पुण्याई. इथून पुढे नाव आपलं, पाणी त्यांचं.’ लोक फोटो काढत होते. काकू नव्हत्या काढत.

धवळेश्वरमच्या बंधाऱ्यापाशी आर्थर कॉटन या इंग्रज इंजिनियरचा पुतळा आहे. 1852 साली त्याने इथे गोदावरी अडवली आणि दुष्काळाचा मुलूख भाताचा झाला. अख्ख्या सहलीत एकाही देवळात न वाकलेल्या साहेबांनी तिथे हात जोडले. मला माणूस आवडला, ते खोटं नाही.

नवव्या दिवशी बस नरसापूरला ठेवली, पंटूवरून, म्हणजे सपाट फेरीबोटीवरून, वसिष्ठा गोदावरी हा नदीचा फाटा ओलांडला आणि रिक्षांनी अंतर्वेदी गाठली. नरसिंहाचं दर्शन झालं, मग संगम. नदी गढूळ, समुद्र निळसर, मध्ये हलती रेघ. 1,465 किलोमीटर. मी भाषण सुरू केलं, तेच पत्रकातलं, जरा आवाज चढवून.

साहेब मोठ्याने म्हणाले, ‘पाणी आपोआप इथे पोचतं, तर मग गडू कशाला दिलात?’

हशा झाला. मीही हसलो. गिऱ्हाईक विनोद करतं तेव्हा हसायचं, हीसुद्धा धंद्याची सवयच. साहेबांना मग चेव आला. रामकुंडातलं पाणी आधी नांदूरमध्यमेश्वरला अडतं, मग जायकवाडीला. तिथून ऊस, मोसंबी, कारखाने. खाली विष्णुपुरी, पोचमपाड. ‘हे समोर आहे ते गडचिरोलीचं आणि बस्तरचं. आपलं यात काही नाही.’

सगळ्यांनी गडू ओतले. काकूंनी नाही ओतला. पदराखाली धरून मला म्हणाल्या, ‘यांच्या अस्थी मी रामकुंडात सोडल्या. तुम्ही लिहिलं होतंत पत्रकात, म्हणून आले.’

मला उत्तर सुचेना. नऊ दिवसांत कुणाची बीपीची गोळी कितीची हे मला पाठ झालं होतं, आणि ही बाई का आली आहे हे मी विचारलंही नव्हतं.

साहेबांचा चेहरा उतरला. थोडा वेळ ते रेघेकडे बघत राहिले. मग खात्यातल्या आवाजात विचारलं, ‘कोणत्या वर्षी? महिना?’

‘2022. मार्गशीर्ष.’

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. ‘त्या वर्षी जायकवाडी भरलेलं होतं. दरवाजे उघडले होते. मी स्वतः आकडे बघितलेत. पुराचं पाणी थेट समुद्राला जातं. पोचले असतील, काकू.’

काकूंनी सील तोडलं. दाताने, कारण कात्री बसमध्ये राहिली होती. अर्धा गडू ओतला, अर्धा परत बंद केला. का, ते मी विचारलं नाही.

परतीच्या पंटूवर साहेब माझ्याशेजारी उभे राहिले. मी म्हटलं, बरं झालं, दरवाजे उघडले होते ते.

‘पावसाळ्यात उघडले होते,’ ते म्हणाले. ‘मार्गशीर्षात कोण विसर्ग करतो? रब्बीचं आवर्तन, तेही कालव्याने. नदीत थेंब नाही.’ मग जरा चिडून, ‘छत्तीस वर्षं नोकरी केली, एकदाही खोटा आकडा दिला नाही. तुमच्या त्या पत्रकाने द्यायला लावला.’

मी म्हटलं, पत्रकाने की गडूवरच्या विनोदाने? ते काही बोलले नाहीत. नरसापूरच्या धक्क्यावर उतरल्यावर मोजणी केली. काकूंची जोडी सापडेना. बघतो तर काकू पुढे निघालेल्या आणि साहेब त्यांची पिशवी धरून मागे.

पुढच्या सहलीचं बुकिंग सुरू करायचंय. काकूंच्या धाकट्या बहिणीने आधीच दोन सीट सांगितल्यात. छापखान्याला मॅटर पाठवलं, तारखा, दर, जेवण, सगळं. ती ओळ तेवढी कोरी ठेवलीय. पोराचा दोनदा फोन येऊन गेला, सर, वरचं हेडिंग राहिलंय.