किटलीत सापडला चहा

माझी किटली बिघडलीय हे शेजारच्या आजींना जिन्यात बोलता बोलता कळलं होतं. परवा त्यांनी दार वाजवलं, हातात त्यांची जुनी शिट्टीची किटली. माझं पोलिश अजून कच्चं, म्हणून किटलीवर बोट ठेवून सावकाश म्हणाल्या, "चाय्‌-निक."

मी थबकलेच. कारण पोलंडमध्ये चहाला 'हेर्बाता' म्हणतात. भांड्यात चाय आणि कपात हेर्बाता!

या पेयाची नावं जगभर बहुतेक दोनच घराण्यांतली. चिनीत अक्षर एकच, पण बहुतेक प्रांतांत ते 'चा' वाचतात आणि आग्नेयेकडच्या फूच्येन प्रांताच्या किनाऱ्यावर 'ते'. खुष्कीने गेला तो 'चा': फारसी, तुर्की, रशियनमध्ये चाय. डचांनी गलबतांतून नेला तो 'ते', त्याचाच इंग्रजांचा टी. पोर्तुगीजही समुद्रानेच गेले, पण १५५७पासून त्यांचा तळ चीनच्या किनाऱ्यावरच्या मकाव बंदरात, तिथे 'चा', म्हणून ते 'शा' म्हणतात. आपण चा घराण्यातले, याचा मला उगीचच अभिमान वाटतो.

पोलंडच्या एका बाजूला जर्मनांचा टे, दुसरीकडे चेकांचा चाय. पोलिशांनी मात्र लॅटिन 'हेर्बा थेआ' उचललं. किटलीचा शब्द तेवढा रशियनमधून आला.

या हेर्बाताने मला फार छळलंय. पहिल्याच आठवड्यात पुडीवर ते नाव वाचून घेऊन आले, उकळलं तर लालभडक आंबट पाणी. फळांचा काढा! चहाची एक पत्ती त्यात नाही. रास्पबेरी असो, औषधी पाला असो, सगळंच हेर्बाता. ज्यात चहा नाही त्याला चहा का म्हणायचं? आजींना मी हे तावातावाने विचारलं आणि विचारता विचारताच आठवला आपला गवती चहा. त्यात तरी कुठे चहा असतो? पण आपण 'गवती' आधी सांगतो, पोलिशमध्ये 'फळांची' हे विशेषण मागून येतं. तोवर माणूस फसतो. माझं तरी हेच म्हणणं आहे.

रात्री शब्दकोश उघडला. हेर्बा म्हणजे वनस्पती, गवत. थेआ म्हणजे चहा. म्हणजे हेर्बाता हा शब्दशः गवती चहाच की!

सकाळी किटली परत करताना आजींना हे सांगितलं. त्यांनी मला आपला मराठी शब्द तीनदा म्हणायला लावला, मग स्वतः म्हणाल्या, "चाहा."