कमाई नाही, मग फॉर्म कशाचा?

फेब्रुवारी लागला की जळगावातल्या माझ्या ऑफिसात हा प्रश्न येतोच. विचारणारे बहुतेक वडीलच असतात. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत एमएस करत असते आणि कॉलेजकडून टॅक्सबद्दल ईमेल आलेला असतो. परवा पारोळ्याचे एक नाना खुर्चीत बसायच्या आतच म्हणाले, "पोऱ्या आजून शिकी ऱ्हायना, मंग टॅक्स कसाना?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

टॅक्स कदाचित एक डॉलरही लागणार नाही, पण फॉर्म द्यावाच लागतो. तिकडे तुम्ही करापुरते रहिवासी की अनिवासी, हे मुक्कामाच्या दिवसांवरून ठरतं. एफ-१ व्हिसावरच्या विद्यार्थ्याचे दिवस मात्र पहिली पाच कॅलेंडर वर्षं मोजतच नाहीत. ही सवलत मी घेतोय, असं कळवण्याचा कागद म्हणजे फॉर्म ८८४३. कमाई शून्य असली तरी तो चुकत नाही. वर्ष जानेवारी ते डिसेंबर, आपल्यासारखं एप्रिल ते मार्च नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये उतरलेल्या पोराचं २०२५ हे अख्खं एक वर्ष धरलं जातं, म्हणजे त्याची पाच वर्षं २०२९ अखेर संपतात.

नानांच्या मुलाला तिथेच व्हिडिओ कॉलवर घेतलं. फॉर्म दोन पानांचा, त्यातही विद्यार्थ्याला भरायचा भाग थोडाच. पोरगा अडला होता ओळ ४ वर. १२ ऑगस्टला उतरला, डिसेंबरअखेर १४२ दिवस झाले. ते त्याने ४ए मध्ये बरोबर लिहिले आणि ४बी मध्ये शून्य टाकलं. ४बी मध्ये विचारतात, यातले किती दिवस मोजू नयेत? तिथेही १४२ च यायला हवेत; शून्य टाकलं तर सवलतच मागितली नाही असं होतं. मग कॉलेजचं नाव-पत्ता आणि विभागातल्या जबाबदार व्यक्तीचं नाव. तिथे परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसातल्या सल्लागाराचं नाव चालतं. प्रिंट काढायची, सही करायची आणि ऑस्टिन, टेक्सासच्या पत्त्यावर पोस्टाने पाठवायचं. नुसता हाच फॉर्म असेल तर मुदत १५ जून. पोस्टाची पावती जपून ठेवायला सांगा, पोरं तेवढंच करत नाहीत.

कॅम्पसवर लायब्ररीत, मेसमध्ये किंवा प्राध्यापकांच्या हाताखाली काम करून पगार मिळाला असेल, तर १०४०-एनआर हे रिटर्न लागतं (एनआर म्हणजे नॉन-रेसिडेंट, अनिवासी), त्याला ८८४३ जोडायचा, आणि मुदत १५ एप्रिल. इकडच्या जुलैअखेरच्या सवयीने मुलं निवांत राहतात, म्हणून आताच आठवण करा. यातला 'एनआर' विसरू नका. अमेरिकन वर्गमित्र ज्या सॉफ्टवेअरवर चटकन रिटर्न भरतो, त्यातून बहुतेकदा साधा १०४० निघतो आणि तो रहिवाशांचा. चुकीचा फॉर्म गेला तर दुरुस्तीचं रिटर्न भरत बसावं लागतं. बऱ्याच कॉलेजांत अनिवासी विद्यार्थ्यांसाठीचं सॉफ्टवेअर फुकट किंवा स्वस्तात मिळतं. तेच वापरायचं.

आता आपल्या पोरांच्या फायद्याची गोष्ट, आणि ती फारशी कुणी सांगत नाही. अनिवासी माणसाला तिकडे स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे उत्पन्नातून सरसकट मिळणारी वजावट, मिळत नाही. पण भारत-अमेरिका कर कराराच्या कलम २१(२) मुळे भारतीय विद्यार्थ्याला ते मिळतं. २०२५ साठी एकट्या माणसाला ती रक्कम १५,७५० डॉलर आहे. वर्षभरात १२,००० डॉलर कमावले तर तिकडच्या केंद्र सरकारचा आयकर शून्य, आणि पगारातून कापलेला सगळा आयकर परत. म्हणून रूममेटच्या फॉर्मची नक्कल करू नका. चिनी विद्यार्थ्याला त्याच्या करारात ५,००० डॉलरची वेगळी सूट आहे, नेपाळी मित्राच्या देशाशी करारच नाही. राज्याचा कर वेगळा असतो. टेक्सासमध्ये पगारावर तो नाही, कॅलिफोर्नियात आहे.

मालकाकडून डब्ल्यू-२ नावाचा वर्षाच्या पगाराचा दाखला येतो, त्यातल्या चौकट ४ आणि ६ बघायला सांगा. त्यात सोशल सिक्युरिटी (पेन्शन) आणि मेडिकेअर (म्हातारपणीचा आरोग्य विमा) यांसाठी कापलेले कर असतात, मिळून ७.६५ टक्के. अनिवासी एफ-१ विद्यार्थ्याला हे लागत नाहीत, शिक्षणानंतर त्याच व्हिसावर काम करायची जी मुभा मिळते, त्या ओपीटीतही नाहीत, पाच वर्षं पूर्ण होईपर्यंत. तरी पगारपत्रक करणारे कापून टाकतात. ६,००० डॉलरवर ते ४५९ डॉलर होतात. आधी मालकाकडे मागायचे, नाही दिले तर फॉर्म ८४३ भरून सरकारकडे. लाजायचं काम नाही, ते आपलेच पैसे आहेत.

शिष्यवृत्ती असेल तर फीमध्ये वळती झालेली रक्कम करमुक्त, राहण्या-जेवणासाठी दिलेली करपात्र. तुम्ही इथून पाठवलेले पैसे त्याची कमाई नव्हेत, त्यामुळे ते तिकडच्या रिटर्नमध्ये कुठेच दाखवायचे नाहीत.

ते पैसे खरं तर तुमच्याच रिटर्नचा विषय आहेत. रावेर-यावलच्या केळीवाल्यांना हे मी दरवर्षी सांगतो. शेतीचं उत्पन्न करमुक्त, म्हणून रिटर्न कधी भरलेलंच नसतं. पण स्वतःच्या पैशातून शिक्षणासाठी आर्थिक वर्ष २०२५-२६ मध्ये १० लाखांच्या वर परदेशी पाठवले असतील, तर वरच्या रकमेवर बँकेने ५ टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच आगाऊ घेतला जाणारा कर, घेतलं असेल. १६ लाख पाठवले तर ३०,००० रुपये. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून गेलेल्या रकमेवर ते नाही. हे तीस हजार तुमच्या पॅनवर २६एएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याकडच्या तुमच्या कराच्या उताऱ्यात, दिसतात आणि रिटर्न भरल्याशिवाय परत येत नाहीत. शेतीचं उत्पन्न ५,००० रुपयांच्या वर असेल तर आयटीआर-१ चालत नाही. दुसरा धंदा नसेल तर आयटीआर-२ भरायचा. तेव्हा येताना पॅन, बँकेचा टीसीएसचा दाखला आणि पासबुक घेऊन या. मुलाचे कागद त्याच्याकडेच राहू द्या, ते त्यालाच भरायचे आहेत.