तुम्ही विचारलंत म्हणून: केकमधून बाहेर कोण येणार?

बॅटमॅनचा शत्रू जोकर, त्याची साथीदार हार्ले क्विन बॅटमॅनच्या कुठल्या कॉमिकमधून उचलली? कुठल्याच नाही. हे किती वेळा सांगितलं याचा हिशेब मी सोडून दिलाय. ती आधी टीव्हीवर आली, ११ सप्टेंबर १९९२ ला, बॅटमॅनच्या कार्टून मालिकेतल्या ‘जोकर्स फेव्हर’ या एपिसोडात. कॉमिकमध्ये पोचायला १९९३ उजाडलं. आणि टीव्हीवर आली तीसुद्धा एका केकपायी.

एपिसोडाचा लेखक पॉल डिनी. त्याला पोलिस कमिशनर गॉर्डनच्या सत्कारात जोकरला घुसवायचं होतं. भलामोठा केक आत येणार, त्यातून कोणीतरी उडी मारून बाहेर पडणार. जोकरनेच मारली तर? नको, फारच विचित्र दिसेल, असं वाटलं. मग टोळीत एक बाई घेऊ. साठच्या दशकातल्या बॅटमॅन मालिकेत खलनायकांच्या दिमतीला अशा बायका असायच्या, तो साचा समोर होताच. विदूषकाचा वेष सुचला तो डिनीच्या मैत्रिणीवरून: आर्लीन सॉर्किन एका दैनंदिन मालिकेतल्या स्वप्नदृश्यात तशा वेषात दिसली होती. आवाजही तिचाच घेतला. लाल-काळा पोशाख मालिकेचा चित्रकार ब्रूस टिमने काढला.

आता तयार एपिसोड बघा. केकमधून उडी मारतो कोण? जोकरच! हार्ले पोलिसिणीच्या वेषात केक ढकलत आणते, बस्स. ज्या कामासाठी बाई नेमली ते काम काढून घेतलं, बाई मात्र कामावर राहिली.

एरवी संहितेत असं झालं की ते पात्र कापतात. इथे का नाही कापलं, हे कळायला गोष्टीतलं एक दार नीट बघावं लागतं. गोष्ट खरी चार्ली कॉलिन्सची. हा साधा नोकरदार रस्त्यात एका गाडीवाल्यावर खेकसतो आणि तो गाडीवाला निघतो जोकर. जीव वाचवायला चार्ली शब्द देतो की तुझं एक काम करीन. नाव बदलतो, गाव बदलतो. दोन वर्षांनी फोन येतोच. काम काय? दार उघडून धरायचं. एवढंच. पण दार उघडायला वेगळा माणूस केव्हा लागतो? आत येणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात तेव्हा. म्हणजे केक ढकलणारं कोणीतरी हवंच, आणि ढकलणारा जोकर असून चालत नाही, कारण तो केकच्या पोटात बसलाय. पुढे चार्लीचा हात दाराच्या मुठीला चिकटतो, म्हणून पळता येत नाही; तिकडे गॉर्डनच्या अंगावर बॉम्ब. एक उडी इकडची तिकडे केली आणि हा सगळा सांधा जमला.

केक गुंडाकडूनही ढकलून घेता आला असता. मान्य. जोकरकडे गुंड होतेच की. पण गुंड बोलत नाहीत, आणि जोकरला त्याच्या विनोदाला हसणारं माणूस लागतं.

यावर ठरलेला पुढचा प्रश्न: हार्ले तर अर्कहॅममधली, म्हणजे जोकरला ठेवतात त्या वेड्यांच्या इस्पितळातली, मानसोपचारतज्ज्ञ होती ना? या संहितेत नव्हती हो! बॅटमॅन बेड्या घालतो तेव्हा ती म्हणते, यापेक्षा ब्युटी स्कूल बरी होती. डॉक्टरकी आली १९९४ च्या ‘मॅड लव्ह’ या कॉमिकमध्ये. ‘ती तेव्हा खोटं बोलत असेल’ असं म्हणणारे भेटतात. म्हणू देत. पहिल्या संहितेला तिचा भूतकाळ लागतच नव्हता, कारण तिला एकाच एपिसोडापुरतं आणलं होतं.

मी पूर्वी ठासून सांगायचो की हार्ले म्हणजे निव्वळ अपघात. आता तसं म्हणताना जीभ अडते. अपघाताने ती आत आली असेल, पण परत बोलावलं ते सॉर्किनच्या आवाजामुळे, आणि तेही बिचकत. जोकरला मैत्रीण दिली की त्याची दहशत ओसरेल, अशी धास्ती होती. ती धास्ती मला अजूनही चुकीची वाटत नाही.

शिवाय माझ्याच म्हणण्याला छेद देणारी एक जागा या एपिसोडात आहे. शेवटच्या गल्लीत चार्ली बॉम्ब हातात धरून जोकरला भिंतीशी गाठतो, आणि जोकर चक्क बॅटमॅनला हाका मारतो. बॉम्ब खोटा निघतो, बॅटमॅनसुद्धा हसतो. एपिसोडातला सगळ्यात चांगला प्रसंग हा. त्यात हार्ले नाहीच. तिला आधीच बेड्या पडल्यात.