आधी ड्रॉइंग, मग दर : आमची वाटचाल

आमच्याकडे कुणी बोल्टचा भाव विचारला की आम्ही आधी ड्रॉइंग मागतो. ड्रॉइंग नसलं तर नमुना, तोही नसला तर शेजारी पट्टी ठेवून मोबाइलवर काढलेला फोटो. नव्या गिऱ्हाइकाला हे विचित्र वाटतं, कारण त्याला फक्त किलोचा दर हवा असतो. पण परदेशातून येणाऱ्या मालाचा दर कस्टम ड्यूटी धरल्याशिवाय निघत नाही. ड्यूटी ठरते टॅरिफ कोडवर, म्हणजे कस्टमच्या दरपत्रकातल्या वस्तूच्या क्रमांकावर, आणि कोड ठरवायचा तर वस्तू डोळ्यांसमोर लागते. आमचा धंदा या एका शिस्तीवर उभा राहिला, त्यामुळे ही वाटचाल सांगताना कोडबद्दलच जास्त बोलणं होणार.

वडिलांचं हार्डवेअरचं दुकान पुण्यात बोहरी आळीत. लुधियानाचे बोल्ट, जामनगरचे पितळी पेच, मुंबईच्या नागदेवीतून आणलेलं बारीकसारीक सामान. भोसरी-पिंपरीचे वर्कशॉपवाले सकाळी यायचे आणि वजनावर माल न्यायचे. पुढे त्यांच्याच मागण्या बदलत गेल्या. औषध कंपन्यांच्या मशिनरीला ए४ ग्रेडचं, गंजाला जास्त टिकणारं स्टेनलेस, मोल्डवाल्यांना १२.९ या फार मजबूत ग्रेडचे अॅलन बोल्ट (माथ्यात षटकोनी खळगा असलेले), तेही अडनिड्या लांबीत. बाजारात हे सगळं हव्या त्या मापात मिळेना. मी आयईसी नंबर, म्हणजे आयात-निर्यातीसाठी लागणारा सरकारी क्रमांक, काढला, तैवानच्या काओशुंग भागातल्या एका कारखान्याशी बोलणी केली आणि भोसरीत छोटा गाळा घेतला. मालाचं तंत्र मला येत होतं. कस्टमचं तंत्र मात्र शिकावं लागलं, आणि ते शिकवलं आमच्या सीएचए काकांनी, म्हणजे कस्टममधून माल सोडवून देणाऱ्या एजंटांनी.

काका वडिलांच्या ओळखीतले, बंदराच्या कामात केस पांढरे झालेले. पहिल्याच कागदपत्रांच्या वेळी ते म्हणाले, "अरे, इनव्हॉइस राहू दे बाजूला. पेटी फोडल्यावर साहेबांच्या हातात काय येणार, ते मला सांग." कस्टमच्या वर्गीकरणाचं सार यात आलं. पाठवणाऱ्याने मालाला काय नाव दिलंय यापेक्षा ती वस्तू काय आहे, कोणत्या धातूची आहे, तिला आटे आहेत की नाहीत, हे आधी पाहिलं जातं.

लोखंड-पोलादाच्या फास्टनरचं, म्हणजे बोल्ट-नट-स्क्रूसारख्या जोडसामानाचं, घर म्हणजे ७३१८ हे शीर्षक, टॅरिफमधला चार आकड्यांचा गट. पहिले सहा आकडे जगभर सारखे, कारण ते जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या एकाच पद्धतीतून आलेले. पुढचे दोन आपल्या देशाचे. ७३१८ च्या आत पहिली वाटणी आट्यांवर. आटे असलेल्यांत कोच स्क्रू ११ (म्हणजे ७३१८ ११), लाकडात बसवायचे इतर स्क्रू १२, हुक आणि रिंग १३, सेल्फ टॅपिंग १४, बाकीचे स्क्रू आणि बोल्ट १५, नट १६. आटे नसलेल्यांत स्प्रिंग वॉशर २१, साधे वॉशर २२, रिव्हेट २३, कॉटर आणि स्प्लिट पिन २४. यू-बोल्ट, दोन्ही टोकांना आटे असलेले स्टड, सबंध लांबीभर आटे असलेला रॉड, हे सगळे १५ मध्येच जातात. बोल्टबरोबर त्याचाच नट आणि वॉशर जोडून आला तर तो संचही १५ मध्ये, कारण मजकुरातच तशी सोय आहे. तोच नट वेगळ्या पिशवीत, वेगळ्या ओळीवर, सुटा विकायला आला की मात्र १६. त्यामुळे ऑर्डर देतानाच आम्ही कारखान्याला कळवतो की माल संच करून पाठवायचा की सुटा, आणि इनव्हॉइसच्या ओळीही त्याप्रमाणेच पाडायच्या.

आपल्या टॅरिफमधली एक जागा नव्या आयातदारांनी नीट पाहावी. ७३१८ ११ १० या ओळीवर 'मशिन स्क्रू' असं लिहिलंय. अनेक जण शोध घेतात, हे नाव दिसतं आणि एम४, एम५ चे स्क्रू तिथे टाकतात. पण ही ओळ कोच स्क्रूच्या पोटात आहे. कोच स्क्रू म्हणजे चौकोनी किंवा षटकोनी माथ्याचा, खाच नसलेला, लाकडात बसवायचा मोठा स्क्रू, रेल्वेच्या लाकडी स्लीपरला लागायचा तसा. वरचं शीर्षक लागू होत नसेल तर खालची ओळ कितीही ओळखीची वाटली तरी तिथे जाता येत नाही. हा नियम आम्ही गाळ्यातल्या भिंतीवर लावून ठेवलाय.

सगळ्यात जास्त वाद होतो गाडीच्या बोल्टवर. एका वाहन-सुट्या भागांच्या कारखान्याचे पर्चेसवाले साहेब ड्रॉइंग घेऊन समोर बसले होते. "हा आमच्या हबचाच बोल्ट आहे, दुसरीकडे कुठे बसतच नाही. मग ८७०८ मध्ये, गाडीच्या भागांत का नाही टाकत?" मी त्यांना टॅरिफच्या सोळाव्या (यंत्रं), सतराव्या (वाहनं) आणि पंधराव्या (धातू) विभागाच्या टिपा उघडून दाखवल्या. नट, बोल्ट, स्क्रू, रिव्हेट, वॉशर यांना टॅरिफने 'सर्वसाधारण वापराचे भाग' ठरवलंय, आणि हे भाग यंत्राच्या किंवा गाडीच्या भागांतून वगळले आहेत. एकाच गाडीला बसणारा असला, त्यावर कंपनीचा पार्ट नंबर कोरलेला असला, तरी तो बोल्टच. साहेबांना पटायला वेळ लागला. त्या काळात फरकही मोठा होता: २०१७ मध्ये जीएसटी आल्यापासून ८७०८ वर २८ टक्के आणि ७३१८ वर १८ टक्के कर होता. सप्टेंबर २०२५ मध्ये ८७०८ चा करही १८ वर आला, तरी वर्गीकरणाचा प्रश्न जिथल्या तिथेच आहे.

याची उलट बाजूही तितकीच खरी. आटे दिसले की ७३१८, असंही नाही. हालचाल पोचवणारा बॉल स्क्रू ८४८३ मध्ये जातो, कारण तो काही बांधून धरत नाही, यंत्र चालवतो. पियानोच्या तारा ताणणाऱ्या पिना, त्यांनाही आटे असतात, त्या वाद्यांच्या भागांत ९२०९ मध्ये. हाडांत बसवायच्या स्क्रूंबद्दल तर २०२२ च्या सुधारणेत टीपच बदलली: केवळ शरीरातल्या इम्प्लांटसाठी खास बनवलेल्या वस्तू आता 'सर्वसाधारण वापराच्या भागां'तून बाहेर काढल्या आहेत आणि त्यांची जागा ९०२१. टॅरिफची माणसं एवढा बारकाईने विचार करतात हे पाहून मला या विषयाची गोडी लागली, खरं सांगायचं तर.

धातूची गोष्ट वेगळी आणि आमच्यासाठी जास्त खर्चाची ठरलेली. पितळ म्हणजे तांब्याचं मिश्रधातू, म्हणून पितळी स्क्रू ७४१५ मध्ये. अॅल्युमिनियमचे ७६१६ मध्ये. प्लास्टिकचे तर प्रकरणच निराळं, ३९२६. वजनात जो धातू सर्वांत जास्त, त्याचं शीर्षक. ऐकायला सोपं. एकदा ए४ स्टेनलेसच्या अॅलन बोल्टची खेप एका बंदरात तपासणीला लागली. पेटीतून काढलेला एम१० चा बोल्ट चुंबकाला चिकटेना. ए४ चिकटत नाही किंवा जेमतेम ओढला जातो, हे आम्हाला रोजचं. पण तपासणाऱ्याच्या मनात शंका आली की हे लोखंड नसून निकेलचं काही असावं. नमुने प्रयोगशाळेकडे गेले, माल सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराबाहेरच्या कंटेनर गोदामात, पडून राहिला, भाडं चढत गेलं आणि इकडे गिऱ्हाइकाची मशीन जोडणी अडली. काकांनी आणि मी बसून उत्तर तयार केलं. टॅरिफच्या बहात्तराव्या प्रकरणाच्या टिपेप्रमाणे कार्बन १.२ टक्क्यांपर्यंत आणि क्रोमियम १०.५ टक्के किंवा जास्त असलं की ते स्टेनलेस पोलाद. आमच्या कारखान्याच्या ३.१ प्रमाणपत्रात (धातूच्या चाचणीच्या दाखल्यात) क्रोमियम सोळा टक्क्यांच्या वर, निकेल दहाच्या वर आणि बाकी मुख्यतः लोखंड, हे हीट नंबरसकट, म्हणजे पोलादाच्या त्या घाणीच्या क्रमांकासकट, होतं. बोल्टच्या माथ्यावर 'ए४-८०' आणि उत्पादकाची खूण कोरलेली होती, तिचा जवळून फोटो काढून जोडला. प्रयोगशाळेचा अहवालही तसाच आला आणि माल सुटला. भाड्याचे पैसे परत मिळाले नाहीत. तेव्हापासून प्रत्येक खेपेचं ३.१ प्रमाणपत्र बिल ऑफ एंट्रीबरोबर (आयातीच्या कस्टम अर्जाबरोबर) ई-संचित या कस्टमच्या ऑनलाइन कागदपत्र व्यवस्थेवर पहिल्याच दिवशी चढतं, कुणी मागण्याची वाट न पाहता.

या कामासाठी आमच्या डिप्लोमावाल्या ताईंनी एक फाइल उभी केली. प्रत्येक वस्तूचं एक पान: ड्रॉइंग, फोटो, धातू, आटे, माथ्याचा प्रकार, कोड, आणि तोच कोड का, याची दोन-तीन ओळींत कारणं. २०२० पासून मूल्यांकन फेसलेस झालंय, म्हणजे माल एका बंदरात आणि कागद पाहणारा अधिकारी दुसऱ्याच शहरात. त्याच्या हातात बोल्ट नसतो, आमचं पानच असतं. शिवाय २०११ पासून स्वयंमूल्यांकन आहे, कोड लिहिण्याची जबाबदारी आयातदाराची. कमी भरलेली ड्यूटी मागण्याची नोटीस साधारणपणे दोन वर्षांपर्यंत, आणि जाणूनबुजून खोटं लिहिल्याचा आरोप असेल तर पाच वर्षांपर्यंत येऊ शकते. तोवर माल विकून पैसेही खर्च झालेले असतात. लहान फर्मला असा धक्का झेपत नाही, म्हणून ताईंच्या फाइलला मी गाळ्यातल्या कुठल्याही यंत्राइतकं मानतो.

दर बदलतात ते वेगळंच. २०२१ च्या अर्थसंकल्पात पोलादी स्क्रूंवरची ड्यूटी १० वरून १५ टक्के झाली, देशातल्या लहान उत्पादकांच्या भल्यासाठी. जानेवारी २०२४ मध्ये डीजीएफटीने, म्हणजे केंद्राच्या परदेश व्यापार महासंचालनालयाने, ठरावीक स्क्रूंसाठी किलोला १२९ रुपयांची किमान सीआयएफ किंमत (विमा आणि वाहतूक धरून) लावली. त्याखालचा माल आणायला बंदी. मी आयातदार असूनही हे दोन्ही निर्णय मला मान्य आहेत. लुधियानाच्या कारखानदारांचा माल विकूनच आमचं घर चाललंय, आणि पडेल भावाच्या मालाशी त्यांनी किती दिवस झुंजावं? आमचा माल त्या किमतीच्या पुष्कळ वरचा, त्यामुळे आम्हाला फटका बसला नाही.

मधल्या काळात एका अमेरिकन ग्राहकाकडून चौकशी आली आणि तिकडचा निराळाच पेच कळला. आपल्याकडे बोल्ट आणि स्क्रू दोन्ही ७३१८ १५ मध्ये, फरक पडत नाही. अमेरिकेच्या मूळ दरपत्रकात बोल्टला ड्यूटी नाही आणि ६ मिलिमीटर किंवा जास्त जाडीच्या अशा स्क्रूला साडेआठ टक्के. दिसायला दोघं सारखेच. 'रॉकनेल फास्टनर विरुद्ध युनायटेड स्टेट्स' या खटल्यात तिथल्या फेडरल सर्किट न्यायालयाने २००१ मध्ये अमेरिकन मानकाचा आधार ग्राह्य धरला: नट फिरवून आवळायचा तो बोल्ट, माथा फिरवून आवळायचा तो स्क्रू. त्या आयातदाराचा माल स्क्रू ठरला. त्याखेरीज मार्च २०२५ पासून पोलादी फास्टनरवर जादा ड्यूटी बसली आणि जूनमध्ये ती ५० टक्के झाली. आम्ही तूर्त तिकडे जायचं थांबवलंय. युरोपला पाठवणारे आमचे मित्र कार्बनच्या हिशेबात गुंतलेत, कारण माल बनवताना निघालेल्या कार्बनवर आकार लावणाऱ्या युरोपच्या कार्बन सीमा यंत्रणेच्या यादीत ७३१८ आहे.

सध्या आमच्या टेबलावर ब्लाइंड रिव्हेट आहेत. रिव्हेट म्हटलं की ७३१८ २३, पण पोकळ नळीचे आणि दुभंगलेल्या पायाचे रिव्हेट ८३०८ २० मध्ये जातात. ब्लाइंड रिव्हेटचं अंग पोकळ, त्यातून पोलादी मँड्रेल (कांडी) आरपार, ती ओढली की मागचं टोक फुगतं आणि मँड्रेल तुटून निघते. याला नळीचा रिव्हेट म्हणायचं की साधा? दोन्ही बाजूंनी बोलता येतं. म्हणून माल आणण्याआधीच कोडचा निर्णय देणाऱ्या मुंबईच्या अॅडव्हान्स रुलिंग प्राधिकरणाकडे अर्ज करायचं ठरवलंय. शुल्क १०,००० रुपये, तीन महिन्यांत निर्णय द्यायची तरतूद, आणि दिलेला निर्णय कायदा किंवा वस्तुस्थिती बदलली नाही तर ठरावीक वर्षं आम्हालाही बांधील, खात्यालाही. प्रश्न एखाद्या अधिकाऱ्यापुढे आधीच चालू असेल तर अर्ज घेत नाहीत, म्हणून काओशुंगला ऑर्डर अजून दिलेली नाही. ताईंनी रिव्हेट मधोमध उभा कापून घासलाय, त्याचा मोठा फोटो अर्जाला जोडतोय.