वडगावची लढाई पाहायला लोकलने

पानिपत म्हटले की १७६१ आणि पेशवाईचा शेवट म्हटला की १८१८, ही दोन साले मराठी माणसाला झोपेतही आठवतात. मधल्या १७७९ च्या जानेवारीत याच मावळात कंपनी सरकारच्या आख्ख्या फौजेला मराठ्यांनी शरण आणले, हे मात्र पुण्याजवळ राहणाऱ्या कित्येकांना ठाऊक नसते. ती लढाई जिथे झाली तिथूनच आपली लोणावळा लोकल रोज जाते. यंदा थंडीत आम्ही लढाईच्याच क्रमाने ती जागा पाहिली. तुम्हीही तशीच पाहा, म्हणून हा वृत्तांत.

क्रम असा: आधी मळवली, मग उलटे तळेगाव, शेवटी मुंबईच्या दिशेला एक स्टेशन मागे येऊन वडगाव. इंग्रज फौज अशीच आली आणि अशीच परतली. राघोबादादांना पुण्याच्या गादीवर बसवायचे म्हणून १७७८ च्या नोव्हेंबरात ती मुंबईहून निघाली. सुमारे ३,९०० सैनिक आणि सामान ओढायला तब्बल १९,००० बैल. बोरघाट चढून आल्यावर खंडाळ्यापासून तळेगावपर्यंतचा जेमतेम पस्तीसेक किलोमीटरचा टप्पा गाठायला तिला दोन आठवड्यांहून जास्त लागले.

का लागले, ते कार्ल्याच्या लेण्यांपर्यंत चढलात की डोळ्यांनी कळते. खाली इंद्रायणीचे अरुंद खोरे, दोन्ही बाजूंना डोंगर, समोर लोहगड-विसापूर. एवढ्या बैलांची रांग त्या पट्ट्यात किती लांबवर पसरली असेल आणि डोंगराआडून येणाऱ्या मराठी घोडेस्वारांना ती तोडणे किती सोपे गेले असेल! पुस्तकातला नकाशा कितीही वेळा पाहिला तरी हे उमगत नाही. म्हणून माझा आग्रह आहे की गाडीने थेट वडगावला उतरू नका, आधी इथे चढा. रविवारी एकवीरेच्या दर्शनाला मोठी गर्दी असते, तेव्हा आठवड्यातला दुसरा दिवस निवडा आणि सकाळी लवकर पोचा.

कार्ल्यातच ४ जानेवारीला कॅप्टन जेम्स स्टुअर्ट तोफगोळा लागून पडला. हा तोच ‘इष्टुर फाकडा’; फाकडा म्हणजे शूर, रुबाबदार वीर. शत्रूचा अधिकारी असूनही मराठ्यांनी त्याच्या शौर्याची कदर केली आणि पेशवाईतल्या नामांकित ‘साडेतीन फाकड्यां’तले अर्धे स्थान त्याला दिले.

तळेगावात पाहण्यासारखी खूण फारशी नाही, पण गोष्टीचा कणा इथेच आहे. ९ जानेवारीला फौज पोचली तेव्हा गाव रिकामे होते, मराठ्यांनीच जाळलेले होते. वाटेतला दाणा-वैरण नाहीशी केलेली होती. इंग्रज आणखी पुढे सरकले तर चिंचवड आणि खुद्द पुणेही जाळायची तयारी होती. नाना फडणीस, महादजी शिंदे, हरिपंत फडके, तुकोजी होळकर ही नावे आपण घेतो आणि घ्यायलाच हवीत. पण आपले घर आणि उभे पीक ज्यांनी गमावले त्या मावळच्या कुणब्यांची नावे कुठेच कोरलेली नाहीत. मला या साऱ्या मोहिमेत तेच सर्वांत मोठे वाटतात.

पुढचे झपाट्याने घडले. ११ जानेवारीच्या रात्री इंग्रजांनी जड तोफा तळ्यात ढकलल्या, सामान जाळले आणि परतीची वाट धरली. मराठ्यांनी त्यांना वडगावात गाठून चहूबाजूंनी वेढले. पिछाडीला कॅप्टन हार्टलीच्या देशी शिपायांनी नेटाने झुंज दिली, पण फौजेचा धीर सुटला होता. १६ जानेवारीला तह झाला: १७७३ पासून बळकावलेला मुलूख, साष्टीसकट, परत करायचा; बंगालहून येणारी गॉडर्डची फौज माघारी फिरवायची; दोन इंग्रज अधिकारी ओलीस ठेवायचे. राघोबादादा महादजींच्या हाती आले. कंपनीच्या मुंबई सरकारला असा करार करायचा अधिकारच नव्हता असे म्हणून गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जने तह फेटाळला. युद्ध १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत लांबले आणि साष्टी इंग्रजांकडेच राहिली. तह टिकला नाही, म्हणून आपल्या पाठ्यपुस्तकांत विजयही एका ओळीवर आला, असे माझे मत आहे.

वडगावात विजयस्तंभ आणि महादजींचा पुतळा जुन्या मुंबई-पुणे रस्त्यालगत आहे, कोणीही वाट दाखवील. स्टुअर्टचे थडगेही याच गावात, सरकारी आवारात आहे. तेव्हा कामाच्या वेळेत जा, आत शिरण्याआधी तिथल्या माणसाला विचारा आणि परवानगीशिवाय फोटो काढू नका.

दुपारी लोकल विरळ असतात. वेळापत्रक त्याच दिवशी पाहून घ्या. मळवलीहून कार्ल्याला रिक्षा मिळते. चालायचे असेल तर पाणी जास्त घ्या. पावसाळ्यात खोरे सुंदर दिसते, पण लढाई समजायची तर जानेवारीच हवा, तेच ऊन आणि तोच कोरडा माळ.

जाण्याआधी वाचायचे काय? इंग्रजी इतिहासांत पराभवाची कारणे तपशिलात सापडतात, कारण कंपनीने या मोहिमेचे म्होरके एगर्टन, कॉकबर्न आणि कार्नॅक या तिघांना नंतर बडतर्फ केले आणि त्या प्रकरणाचे कागद राहिले. मराठी बाजू पुण्याच्या पेशवे दफ्तरात आणि भारत इतिहास संशोधक मंडळाने छापलेल्या कागदपत्रांत शोधावी लागते. दोन्ही शेजारी ठेवून वाचा. मोडी शिकण्याची तयारी असेल तर उत्तमच, छापली न गेलेली पत्रे अजून ढिगाने आहेत. आणि तुमचे मूळ गाव मावळात असेल, घरी जुनी दप्तरे असतील, तर वाळवी लागायच्या आधी ती जाणकाराला दाखवा. जळालेल्या गावांतल्या माणसांची नावे सापडली तर तिथेच सापडतील.