आठ बाइटांचा चौकोन

आधीच सांगते, त्रिकोण मला अर्ध्या तासात जमला होता. माझा राग आहे तो चौकोनावर.

दिवाळीला लॅपटॉपच्या पडद्यावर ओपनजीएलने, म्हणजे ग्राफिक्स कार्डाकडून चित्र काढून घ्यायच्या फंक्शनांच्या संचाने, ठिपक्यांची रांगोळी काढायची, एवढाच बेत होता. खाली गेरू, वर ठिपके, मग रेघा. मी कॉलेजात टर्बो सी या जुन्या सी कंपायलरवर ग्राफिक्सचं प्रॅक्टिकल केलेली. तिथे ६४० बाय ४८० चा पडदा, शून्य-शून्य वरच्या डाव्या कोपऱ्यात, ग्राफिक्स चालू करणाऱ्या इनिटग्राफला बीजीआय (ग्राफिक्स ड्रायव्हरच्या) फोल्डरचा पत्ता नीट दिला की अर्धी लढाई जिंकली. इथून तिथे रेघ ओढ म्हटलं की ओढली.

ओपनजीएल ३.३ मध्ये असं सांगायची सोयच नाही. शून्य-शून्य खिडकीच्या मधोमध, आणि खिडकी केवढीही असली तरी दोन्ही दिशांना उणे एक ते एक. बिंदूंचे आकडे बफरमध्ये, म्हणजे कार्डाच्या ताब्यातल्या मेमरीच्या तुकड्यात, भरून ग्राफिक्स कार्डाकडे पाठवायचे. ते कसे वाचायचे, म्हणजे तीन-तीनचा गट, दर १२ बाइटांनी पुढचा बिंदू, हे व्हीएओ (व्हर्टेक्स ॲरे ऑब्जेक्ट) नावाच्या नोंदवहीत नोंदवायचं. शिवाय दोन छोटे प्रोग्राम कार्डावर चालवायला द्यायचे: बिंदू कुठे पडेल ते व्हर्टेक्स शेडर सांगतो, रंग कुठला ते फ्रॅगमेंट शेडर. हे शेडर आपल्या कोडमध्ये नुसता मजकूर म्हणून पडून असतात, प्रोग्राम चालू झाल्यावर ड्रायव्हर ते कंपाइल करतो. त्यात सेमिकोलन राहिला तर आपला नेहमीचा कंपायलर चकार शब्द काढत नाही. कंपाइल झालं का, हे आपणच विचारायचं आणि लॉग मागून घ्यायचा. मी पहिल्यापासून मागत होते. त्रिकोण पटकन जमला तो त्यामुळेच, हे जरा मिरवूनच सांगते.

तर चौकोन. कार्डाला चौकोन असा काही माहीत नसतो, दोन त्रिकोण जोडून तो करायचा. चार कोपरे एका बफरात, आणि कुठला कोपरा कुठल्याला जोडायचा याची सहा आकड्यांची यादी दुसऱ्या, इंडेक्सच्या बफरात. त्रिकोणाचा सगळा कोड मेनमध्येच होता. चौकोनाच्या वेळी मला नीटनेटकेपणाची उबळ आली. म्हटलं, पुढे शंभर आकार काढायचे आहेत, तर ॲरे, म्हणजे आकड्यांची रांग, घेऊन बफर भरणारं एक फंक्शन करू. केलं. चालवलं. करडी खिडकी उघडली आणि आत काहीही नाही.

पहिल्या संध्याकाळी शेडर तपासले. लॉग रिकामा, म्हणजे तक्रार नाही. काही चुकलं का हे सांगणारा जीएल-गेट-एरर प्रत्येक ओळीनंतर विचारला. शून्य, शून्य, शून्य, म्हणजे चूक नाही. दुसऱ्या संध्याकाळी व्हीएओवर संशय. तो बांधलेला असताना इंडेक्सचा बफर सोडला तर ते नातंही तुटतं, हे वाचलं होतं. पण मी सोडलाच नव्हता. मग गेरूचा रंग इतका गडद झालाय का, की करड्यात मिसळतोय? फ्रॅगमेंट शेडरमध्ये भडक पोपटी रंग टाकला. पोपटीही दिसेना. (मागची खिडकी काळी ठेवू नका हो. काळ्यावर काळं काढत बसलेल्यांची संख्या कमी नसणार.) तिसऱ्या संध्याकाळी मी सगळं पुसून तोच कोड पुन्हा टाइप केला. याला डीबगिंग म्हणत नाहीत, जप म्हणतात.

चिडचिड कशाची, तर कोणी काही बोलतच नाही याची. सरकारी खिडकीवर निदान "उद्या या" तरी म्हणतात.

चौथ्या संध्याकाळी अक्कल आली. व्हर्टेक्स शेडरमध्येच तीन बिंदू लिहून टाकले आणि जीएल-व्हर्टेक्स-आयडीवरून कितवा बिंदू ते उचललं, बफरचा संबंधच तोडला. पोपटी त्रिकोण झळकला! म्हणजे शेडर, खिडकी, व्हीएओ सगळं ठीक होतं, खोट होती डेटात. हे पहिल्या दिवशी करायला हवं होतं, तुम्ही पहिल्या दिवशी करा. मग कार्डालाच विचारलं, तुझ्याकडे या बफरात किती बाइट पोचलेत? जीएल-गेट-बफर-पॅरामीटरने ते विचारता येतं. चार बिंदू, प्रत्येकी तीन आकडे, प्रत्येक आकडा चार बाइटांचा, म्हणजे ४८ यायला हवे. उत्तर आलं, ८.

आठ! इंडेक्सच्या बफरातही आठच.

किती बाइट पाठवायचे हे मी साइझऑफला विचारत होते. पण ॲरे फंक्शनला दिला की फंक्शनच्या हातात फक्त त्याचा मेमरीतला पत्ता जातो. मेनमध्ये साइझऑफ अख्ख्या ॲरेचं माप सांगत होता, फंक्शनच्या आत त्याने पत्त्याचं माप सांगितलं, आणि ६४ बिटी मशीनवर पत्ता आठ बाइटांचा. आठ बाइटांत पहिला बिंदूसुद्धा पुरता बसत नाही. जीएलच्या लेखी मात्र आठ बाइटांचा बफर मागणं हा काही गुन्हा नाही, म्हणून ते शून्य, शून्य, शून्य.

आणि आता लाज वाटणारी गोष्ट. कंपायलरने हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. माझा कंपायलर जीसीसी, तो याची वॉर्निंग न मागता देतो. न वापरलेल्या व्हेरिएबलांच्या वीसेक वॉर्निंग मी साचू दिल्या होत्या, त्यात ती शांतपणे बसली होती, चार दिवस.

मग ॲरे काढून सी++ मधला व्हेक्टर (आपली लांबी लक्षात ठेवणारी यादी) वापरला, घाईत साइझऑफ तसाच राहिला. माझ्या मशीनवर व्हेक्टरचं स्वतःचं माप २४ बाइट. सहा इंडेक्सनाही नेमके २४ च लागतात, त्यामुळे ते निव्वळ योगायोगाने बरोबर गेले, पण बिंदू दोनच पोचले. चौकोनाच्या जागी उजवीकडून मध्यावर टोक काढलेला त्रिकोण आला. या वेळी मात्र मी पाच मिनिटांत हसले. घटकांची संख्या गुणिले एका घटकाचं माप, एवढंच लिहायचं असतं.

गेरूचा चौकोन उमटला तेव्हा आई चकलीचा सोऱ्या पुसत मागे उभी होती. "छान सारवलंस. रांगोळी कुठंय?"

ठिपके काढले तर ते एका पिक्सेलचे, चष्मा लावूनही दिसेनात. आकार वाढवल्यावर दिसले, पण चौकोनी. गोल हवेत तर फ्रॅगमेंट शेडरमध्ये कोपरे टाकून द्यावे लागतात. रेघांची जाडी एकाच्या वर मागितली तर एरर आला, कारण मी फॉरवर्ड कंपॅटिबल कॉन्टेक्स्ट, म्हणजे जुन्या सोयी काढून टाकलेलं ओपनजीएल, घेतला होता आणि त्यात ते चालत नाही. त्या एररचा मला जवळजवळ आनंदच झाला, निदान बोललं तरी. म्हणजे आता प्रत्येक रेघ हा एक बारीक चौकोन. सात ठिपके, सात ओळींच्या रांगोळीला किती चौकोन लागतील ते मोजत होते, आणि म्हटलं, बरं झालं ते फंक्शन करून ठेवलं.